लिंबापासून उजवीकडं

सरका जरा आगटीपाशी. हुरडा संपला म्हणून विस्तव संपला न्हाई. अद्वैत, त्या दोन गोवऱ्या टाक बरं आत, आन् तो मोबाईल ठेव खिशात. त्याच्या उजेडानं डोळे दिपून राह्यले माझे.

काय म्हणत होती गंधाली मघाशी? पुण्यात म्हणे मेट्रोच्या स्टेशनातून वर यायच्या आधीच भिंतीवर नकाशा असतो. कोणत्या जिन्यानं गेलं की कोणता रस्ता, कुठं दवाखाना, कुठं शाळा, कुठं देऊळ, सगळं लिहिलेलं. कोणाला काही विचारायचं कामच न्हाई. चांगलं हाय बाई, मी कुठं वाईट म्हणतो? पण तुम्ही दोघं खीखी हसून राह्यले ना, की आबा, तुमच्या जालन्यात पत्ता विचारला की लोक म्हणतात 'टाकीपाशी', आन् तिथं टाकी नसतेच. बराबर हाय. नसतेच. ती पाडून जमाना झाला. पण जागेला नाव राहतं ना! जुन्या जालन्यात तर निम्मा पत्ता नसलेल्या वस्तूंचाच असतो. तिथल्या माणसाला ते कळतं. 'लिंबापाशी ये' म्हणलं की तो झाड शोधत बसत न्हाई, सरळ मेडिकलसमोर जाऊन उभा राहतो.

बाहेरचा माणूस मात्र झाड शोधतो. आन् एखाद्याला ते सापडतं.

हसा, हसा. कल्याणबी हसला असता. हे त्याचंच झालं. कल्याण म्हणजे माझ्या चुलतबहिणीचा, झुंबरचा पोरगा, मला मामा म्हणतो. झुंबरला आपल्या तीर्थपुरीतून हसनाबादला दिल्ती. तिला सख्खा भाऊ न्हाई, म्हणून मीच तिचा मुराळी. मुराळी माहीत हाय का तुम्हाला? कुठून असणार! तुमची आत्या आता एसटीत बसून फोन करती, 'आबा, मी निघाले.' झालं माहेरपण. पहिलं तसं नव्हतं. लेक सासरी गेली की तिला माहेरी आणायला भाऊ जायचा. पंचमीला, दिवाळीला, मायबाप आजारी पडले की. तो मुराळी.

हसनाबादकडं त्याची रीत लई कडक. मुराळ्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई. वहाणा काढायच्या, दारात उभं राह्यचं आन् मोठ्यानं म्हणायचं, 'मूळ आलंय.' मूळ म्हणजे माहेरचं बोलावणं. बस, तेवढंच. बहिणीचं नाव घ्यायचं न्हाई. माहेरचं नाव सासरच्या दारात पुकारत न्हाईत. आतली बाई आवाजावरून ओळखायची आन् म्हणायची, 'आले रं दादा.' बोचकं तिनं आधीच बांधून ठेवलेलं असायचं. माहेरी आली की ते बोचकं पहिलं खुंटीला. घरातल्या कोणी त्याला हात लावायचा न्हाई. सासरी निघताना तिनंच काढायचं. आन् तिनं त्याच्या गाठी सोडल्या, की समजायचं, बाई आता राह्यला आली.

मी किती वेळा उभा राह्यलो झुंबरच्या दारात! ती धावत यायची, अर्धं तोंड हसरं, अर्धं रडकं. जाऊ द्या.

त्या रातीला आता दोन साल झाले. अमावास्या बिमावास्या काही नव्हती. भूत अमावास्येलाच निघतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं रे? पौषातली संकष्टी होती, वार बुधवार. थंडी अशीच, कान तोडणारी. झुंबरला दुपारीच दवाखान्यातून घरी आणल्तं. डॉक्टर कल्याणला बाजूला घेऊन म्हणले, आता घरी न्या, जवळच्यांना बोलावून घ्या.

जवळचं कोण होतं तिला? एक तृप्ती. कल्याणची धाकटी बहीण. तिनं आपल्या मनानं लग्न केल्तं, धम्मपालसंग. पोरगा शिकलेला, नोकरीचा, शांत. जावई म्हणून दिवा घेऊन शोधला असता तरी असा मिळाला नसता. पण जात आडवी आली ना! कल्याणच्या बापानं सांगून टाकलं, हिला मूळ जायचं न्हाई. बाप मेला, तरी कल्याण तेच धरून बसला. अकरा वर्सं. अरे, जालना काय लंडन हाय? दर आठवड्याला बाजाराला जायचा हा पठ्ठ्या, पण बहिणीच्या गल्लीत पाय टाकला न्हाई. मी दोनदा बोललो त्याला, तिसऱ्यांदा भांडलो. झुंबर बिचारी पंचमी आली की दाराकडं पाहत बसायची. तोंडानं काही म्हणायची न्हाई.

त्या दिवशी दिवेलागणीला म्हणली.

"कल्याण, तृप्तीला आण."

"माय, आत्ता फोन करतो. जल्दी येईल ती."

"फोनवर बोलवायला ती काय पावणी हाय का? तू जा. मुराळी होऊन जा, तिच्या दारात उभा राह्य. माझ्या लेकीला रीतीनं आण." मंग जरा दम घेऊन म्हणली, "तवर मी जात न्हाई."

कल्याण रडला. मला त्यानंच सांगितलं, मामा, त्या वक्ताला मी लहान पोरासारखा रडलो. मंग तृप्तीला फोन लावला. पलीकडं ती रडायला लागली. म्हणली, "दादा, तू स्टेशनपाशी थांब, आम्ही तिथं येतो. या गल्ल्या तुला सापडायच्या न्हाईत."

"न्हाई. मायनं दारात यायला सांगितलंय. तू बोचकं बांधून ठेव."

तिनं मोबाईलवर ते ठिकाण पाठवलं, आन् हा फटफटीला किक मारून निघाला. घरी त्याची बायको कांता झुंबरपाशी बसली.

राजूरपर्यंत रस्ता फुल्ल. संकष्टी म्हणल्यावर गणपतीला माणूस मावत न्हाई तिथं. चंद्र उगवला, लोकांनी उपास सोडले, जो तो घरी निघाल्ता. कल्याण त्या गर्दीतून वाट काढत जालन्याला पोचला तेव्हा स्टेशनसमोरची दुकानं एकेक बंद होऊन राह्यल्ती. मोबाईल काढला. त्याच्यातला तो निळा ठिपका, काय म्हणता तुम्ही त्याला, तो येऊन थांबला रुळाच्या मधोमध. कल्याण इकडं सरकला, तिकडं सरकला. ठिपका काही हलंना.

तिथं संपतचा चहाचा गाडा. कल्याणनं त्याला विचारलं. संपत कप विसळता विसळता म्हणला, "धम्मपाल सरचं घर ना? अरे, बिलकुल सोपं हाय. हे रुळाखालचं भुयार पकडा, पल्याड निघा. लिंबापासून उजवीकडं. आडावरून सरळ. दगडी हौद लागंल, त्याच्या समोरचं दार."

पत्ता खोटा न्हाई बरं का. संपत रोज दहा जणांना तसाच सांगतो, आन् दहाचे दहा बराबर पोचतात. कल्याणनं मोबाईल खिशात टाकला, वरून स्वेटर, वरून शाल, आन् फटफटी भुयारात घातली.

भुयार म्हणजे काय, रुळाखालून काढलेली बोळ. दोन्ही बाजूंनी ओल. मधे पाणी साचलेलं. वरून मालगाडी चालल्ती, तिची धडधड त्याच्या छातीत येऊन राह्यल्ती. अर्ध्यात गेला आन् धडधड बंद. गाडी गेली असंल, असं वाटलं त्याला. पण गाडी जाते तेव्हा आवाज दूर जातो ना? हा दूर गेला न्हाई. तुटला.

पल्याड निघाला तर समोर लिंब.

एवढा मोठा, की चंद्र दिसंना. बुंध्याला पार बांधलेला. पाला गळून राह्यल्ता, त्याच्या डोक्यावर, फटफटीच्या टाकीवर. कल्याणला बरं वाटलं. चला, खूण बराबर हाय. उजवीकडं वळला.

गल्लीत लाइट नव्हती. आता खेड्यातल्या माणसाला लाइट जायचं काय नवल? दुकानांच्या पाट्या न्हाईत, शटर न्हाईत, एक ऑटो उभा न्हाई, कुठं टीव्हीचा आवाज न्हाई. नुसती लाकडी दारं, लावलेली. त्याला वाटलं, थंडीनं लोक लवकर झोपले. पुढं आड. आडाला दगडी कठडा, वर रहाट. रहाटाला दोर. दोर हलून राह्यल्ता. कोणी तरी आत्ताच पाणी ओढून गेलं असंल... त्याच्या पुढं दगडी हौद, काठोकाठ भरलेला. समोर दार.

दार उघडं होतं. आत चिमणी जळत होती, रॉकेलची. तिचा वास रस्त्यापर्यंत.

तो मला म्हणला, मामा, मला वाटलं, माझी बहीण अशा घरात राहती? नोकरदाराची बायको, आन् भिंतीचे पोपडे निघालेले, खाली सारवलेली जमीन? आन् मी दर आठवड्याला बाजारात येऊन भजी खाऊन परत जात होतो? त्या लाजंपायी त्यानं मान वर केली न्हाई. वहाणा काढल्या. उंबऱ्याबाहेर उभा राह्यला. खाकरला, आन् म्हणला,

"मूळ आलंय."

पुन्हा म्हणला. "मूळ आलंय..."

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मंग चालण्याचा. मंग अगदी बारीक, घशातल्या घशात:

"आले रं दादा."

बाई बाहेर आली. पदर डोक्यावरून पार खाली ओढलेला, छातीशी बोचकं. कल्याणनं तिच्या पायाकडं पाह्यलं आन् बोचक्याकडं. तोंडाकडं पाह्यची हिंमत झाली न्हाई. बोचक्याला दोन गाठी मारलेल्या, एकीवर एक, घट्ट. दाजी कुठं हायेत, त्यानं विचारलं. ती बोलली न्हाई. याला वाटलं, रागावलाय धम्मपाल, का न रागावणार? ती मागं बसली. हा निघाला.

परत भुयारातून आला. संपत गाडा झाकून राह्यल्ता. "सापडलं का घर?" त्यानं ओरडून विचारलं. कल्याणनं हात केला आन् राजूरच्या रस्त्याला लागला.

गंधाली, शाल घे अंगावर. थंडी वाजून राह्यली तुला.

शहर मागं पडल्यावर कल्याण बोलायला लागला. अकरा वर्सांचं साठलेलं. तृप्ते, माझं चुकलं. बापाच्या तोंडापुढं मी बोललो न्हाई, आन् बाप गेल्यावर माझ्या अकडीपुढं बोललो न्हाई. तुझ्या पोरांचं तोंड पाह्यलं न्हाई मी. मायनं तुझं नाव काढलं की मी उठून रानात जायचो. मला शिव्या दे, पण बोल काही तरी.

मागून एवढंच आलं, "गाव आलं का?"

"न्हाई अजून. राजूर तरी येऊ दे."

मंग त्याची पाठ ओली व्हायला लागली. शालीतून, स्वेटरमधून, आत सदऱ्यापर्यंत. त्याला वाटलं, पोरगी पाठीला डोकं लावून रडून राह्यली. रडू दे, म्हणला. हलकं होईल मन. पण आसवं गरम असतात, लेकरांनो. हे थंड होतं. आन् वाढत होतं. फटफटीबी जड झाली, चढाला गिअर मारावा लागला. एक एवढीशी बाई, आन् मागं पोतं टाकल्यासारखं वाटून राह्यलं.

"गाव आलं का?"

"न्हाई."

राजूर आलं. मघाची गर्दी कुठंच न्हाई. फुलांचे गाडे झाकलेले, रस्त्यावर नुसता पाला आन् नारळाच्या शेंड्या. तिथं त्याला छातीपाशी काही तरी थरथरलं. मोबाईल. कधीपासून वाजत होता कोण जाणे, एवढ्या कपड्यांखाली कळलंच न्हाई. घरून असंल, मायचं काही असंल, म्हणून त्यानं गाडी कडंला घेतली. बंद केली. फोन कानाला लावला.

"दादा! अरे, कुठं हायस तू? किती वेळचे तुला फोन लावून राह्यलो! घरी वाट पाह्यली, आता आम्ही दोघं स्टेशनपाशी येऊन उभे हाओत. चहावाला म्हणतो, येऊन गेले..."

तृप्तीचा आवाज.

फोनमधून.

कल्याणच्या खांद्यावर हात होता. मागच्या बाईचा. ओला.

"दादा? ऐकू येतंय का?"

आन् मागून... कानाच्या अगदी जवळून...

"गाव आलं का?"

फोनमधे तृप्ती हळूच म्हणली, "दादा... कोण बोललं हे?"

...

त्यानं मागं पाह्यलं न्हाई. पाहू शकला न्हाई. तृप्तीला एवढंच म्हणला, जीप कर, धम्मपालला घेऊन नीघ, कुठं थांबू नको. फोन ठेवला. मंग समोरच्या अंधाराला विचारावं तसं विचारलं,

"बाई... तू कोण?"

पाण्याचा थेंब सायलेन्सरवर पडला. चुर्र झालं.

"तूच तर म्हणला," ती म्हणली, "मूळ आलंय."

आता तुम्ही सांगा, काय करायचं त्यानं? तिला तिथंच सोडून पळावं, तर ती मागं बसलेली. घरी न्यावं, तर घरात मरणाला टेकलेली माय. त्यानं ठरवलं, हसनाबादकडं वळायचंच न्हाई. सरळ भोकरदनकडं जायचं, दिवस उगवंपर्यंत गाडी चालवत राह्यचं. किक मारली. तेवढ्यात पुन्हा फोन. कांता.

"अहो, कुठं हाओ? माय एकसारखी विचारून राह्यल्या, तृप्ती आली का, तृप्ती आली का. धाप लागलीय त्यांना. तुम्ही तरी या हो... जल्दी या."

वळला तो. हसनाबादकडं वळला. मायचं तोंड पाह्यचं होतं त्याला. मी असतो तरी वळलो असतो.

पुढचा रस्ता त्याला आठवत न्हाई. दर थोड्या वेळानं ती विचारायची. हा न्हाई म्हणायचा. गावाच्या शिवंवर आला तेव्हा त्यानं गाडी थांबवली. हात जोडले. समोर बघूनच जोडले.

"बाई, उतर. पाया पडतो तुझ्या. मी चुकून बोलावलं. हे माझं गाव हाय, तुझं न्हाई."

ती म्हणली, "आलं?"

आन् खांद्यावरचा हात निघाला. गाडी हलकी झाली. त्यानं देवाचं नाव घेऊन मान फिरवली. कोणी न्हाई. सीट ओली, रस्ता कोरडा. दोन्ही बाजूंनी नुसती ज्वारी उभी. सुटलो, म्हणला. रडत रडत गाडी पळवली त्यानं घराकडं.

दारात कांता उभी. तोंडाला पदर लावून. त्याला पाहून म्हणली,

"तुम्ही कुठं राह्यले मागं? ताई तर केव्हाच आत गेल्या."

...

कांताचा काय दोष? माय उजेड नको म्हणायच्या म्हणून खोलीत बारका झिरोचा बल्ब. ही चुलीपाशी पाणी गरम करत होती. कोणी तरी पदर घेतलेली बाई अंगणातून सरळ आत गेली, बोचकं घेऊन. तृप्तीच येणार होती, तृप्तीच असणार. माय-लेकी अकरा वर्सांनी भेटून राह्यल्या, मधे कशाला जावं, म्हणून ही बाहेरच थांबली. हिनं आवाज ऐकले. आतून हाक आली, "माय." आन् झुंबर म्हणली, "आलीस गं बाई?" एवढा साफ आवाज महिन्याभरात निघाला नव्हता तिचा. मंग पाणी पाजल्याचा घटघट आवाज. मंग काहीच न्हाई.

कल्याण आत धावला. खोलीत झुंबर एकटी होती. गेल्ती. तोंड असं शांत, सगळं मिळालेल्या माणसासारखं. ओठ ओले. उशी ओली. उजव्या हाताची मूठ अर्धी उघडी, कोणाचा तरी हात धरलेला असावा तशी.

आन् खुंटीला बोचकं.

तृप्तीची जीप आली तेव्हा बाया रडायला लागल्या होत्या. ती पोरगी अंगणातूनच "माय, माय" करत आत आली. कांतानं तिला पाह्यलं, एकदा खोलीच्या दाराकडं पाह्यलं, आन् मटकन खाली बसली. तृप्तीनं मायच्या ओठाला हात लावला. म्हणली, "दादा, हिला पाणी कोणी पाजलं?" कल्याणनं खुंटीकडं बोट केलं. धम्मपालनं बायकोला धरलं. लेकीच्या हातचं पाणी पिऊनच गेली की झुंबर. समाधानानं गेली. पण ज्या लेकीसाठी जीव धरून ठेवला होता, तिच्या हातचं न्हाई. हे त्या पोरीनं कसं गिळावं?

तेराव्यानंतर कल्याण आन् धम्मपाल जालन्याला गेले, तीच वाट पाह्यला. संपत म्हणला, "लिंब? अहो पावणे, लिंब मी शाळेत होतो तेव्हाच पाडला. तिथं मेडिकल हाय. आम्ही नुसतं म्हणतो लिंब." भुयारातून निघाले तर मेडिकल. आड बुजवून त्याच्यावर मोबाईलचा टॉवर. हौदाच्या जागी पाणपोई, आन् समोर धम्मपालचं घर, तीन मजली, पांढरं, दारात तुळस. खालच्या मजल्यावर सरोजिनीबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई राहतात, त्यांचं सगळं आयुष्य त्याच गल्लीत गेलं. त्यांनी सांगितलं, इथं पहिलं मातीचं घर होतं. त्या घरात एक सून होती. तिचं माहेर कुठलं, ते कोणाला माहीत न्हाई. सण आला की बोचकं बांधायची, दोन गाठी मारायची आन् उंबऱ्यापाशी बसायची. दर सणाला. मूळ काही आलं न्हाई. मंग एका पंचमीला ती दारात नव्हती. बोचकंबी नव्हतं. गल्लीनं आडाचं पाणी भरायचं बंद केलं. पुढं नगरपालिकेनं आड बुजवला.

एवढंच सांगितलं बाईनं. मंग आत जाऊन दार लावून घेतलं.

कल्याण आता दर सणाला तृप्तीकडं जातो. भुयारापाशी तिलाच बोलावतो, आन् मोठ्यानं नाव घेऊन बोलावतो, पुन्हा पुन्हा, रस्त्यावरचे लोक बघतात तरी. ती त्याच्यासंग हसनाबादला येती. अंगणात बसती, भाकरी खाती, पोरं खेळवती. रात पडायच्या आत उठती. मागल्या पंचमीला मी तिला म्हणलो, तृप्ते, एक रात तरी राह्य गं, तुझं माहेर हाय. तर म्हणली, "मामा, कुठं राहू? मायच्या खोलीत लेक आलेली हाय ना."

बोचकं तिथंच हाय. कोण काढणार? तिचं तिनंच काढायचं असतं. दोन उन्हाळे गेले, ते वाळलं न्हाई. कांतानं खाली पितळी ठेवलीय. सकाळी ती पाण्यानं भरलेली असती. गुपचूप नेऊन बाहेर ओततात.

परवा गेल्तो मी. कल्याण म्हणला, मामा, जरा आत चला, तुम्हाला एक दाखवायचंय. टॉर्च धरली त्यानं.

दोन गाठी होत्या ना त्याला? एकीवर एक, घट्ट?

आता एकच हाय.